थोरल्या भावाच्या कपड्यांतली गाडी

१९९७ साली होंडाने जपानात सिव्हिक टाइप आर विकायला काढली तेव्हा तिची किंमत होती १९ लाख ९८ हजार येन. २०२२ साली त्याच नावाची नवी गाडी आली ती ४९ लाख ९७ हजार ३०० येनांना. पंचवीस वर्षांत अडीच पट. आपल्याकडे एखादी वस्तू पंचवीस वर्षांत एवढीच महागली, तर आपण तिला स्वस्तच म्हणू. पण जपानात या काळात पगार जवळजवळ जागच्या जागी राहिले. वडिलांनी पंचविशीत जी गाडी घेतली, तीच घ्यायला मुलाला आता वडिलांच्या अडीच पट पैसे मोजावे लागतात, आणि त्याच्या हातात येणारा पगार मात्र वडिलांच्या तेव्हाच्या पगाराच्याच आसपास आहे.

गाड्याही एकसारख्या नाहीत, हे मान्य करायला हवं. जुन्या टाइप आरला १६०० सीसीचं, टर्बो नसलेलं इंजिन होतं. मिनिटाला ८,२०० फेऱ्यांवर ते १८५ अश्वशक्ती देई, आणि आख्ख्या गाडीचं वजन अकराशे किलोच्या आत होतं. नवीचं इंजिन दोन लिटरचं टर्बो, ताकद ३३० अश्वशक्ती, वजन १,४३० किलो. नवी गाडी जुनीपेक्षा सर्व बाबतींत वेगवान आहे. तरीही जपानची परवडणारी वेगवान गाडी संपली, असं अनेकांना वाटतं, आणि ती कधीच संपली नव्हती, असं वाटणारेही आहेत. या दोन मतांमध्ये नेमकं काय आहे, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गाड्या स्वस्त होत्या, कारण त्यांच्या अंगावरचे कपडे थोरल्या भावाचे होते. घरात कुटुंबाची साधी गाडी असे, लाखोंनी विकली जाणारी. तिचं इंजिन, तिचा सांगाडा, तिचे गिअर, तिची दारं हे सगळं आधीच बनलेलं, त्याचा खर्च आधीच वसूल झालेला. त्यातून उसनं घेऊन, दोन-चार जागी जीव ओतून धाकटी गाडी उभी राही. पुढे थोरला भाऊच बदलला. त्याची उंची वाढली, तो पोटाने सुटला, त्याने गिअर हाताने बदलायचं सोडलं. मग धाकट्याला त्याचे कपडे येईनात.

सुरुवात डॅटसनपासून करू. १९६९च्या ऑक्टोबरात निस्सानने दाखवलेली झेड गाडी अमेरिकेत डॅटसन २४०झेड या नावाने ३,५२६ डॉलरना मिळू लागली. लांबलचक बॉनेट, सहा सिलिंडर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. जग्वार ई-टाइप किंवा पोर्शे ९११ ज्यांच्या स्वप्नात होती, पण आवाक्यात नव्हती, त्यांच्यासाठी ही गाडी होती. तिचं इंजिन आलं कुठून? त्याच काळात निस्सानची ब्लूबर्ड ५१० ही साधी चार दारांची गाडी अमेरिकेत सुमारे २,००० डॉलरना विकली जात होती. तिच्या चार सिलिंडरच्या १६०० सीसी इंजिनाचा बोअर ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७३.७ मिलिमीटर. त्याच मापाचे आणखी दोन सिलिंडर जोडा, झालं झेडचं २४०० सीसीचं इंजिन. एका डोळ्यात भरणाऱ्या गाडीचं हृदय असं बाजारहाटाच्या गाडीतून आलं होतं. आणि ती बाजारहाटाची गाडीही साधी नव्हती. पीटर ब्रॉकच्या चमूने ५१०ला घेऊन १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षं अमेरिकेतल्या अडीच लिटरखालच्या ट्रान्स-अ‍ॅम स्पर्धा जिंकल्या, त्याही आल्फा रोमिओसारख्या नाव कमावलेल्या कंपनीच्या गाड्या मागे टाकून.

झेडमागे युताका कातायामा नावाचा माणूस होता, निस्सानच्या अमेरिकेतल्या कारभाराचा प्रमुख. तिथले लोक त्याला मिस्टर के म्हणत. मायदेशी या गाडीचं नाव फेअरलेडी होतं. ते नाव अमेरिकेत चालणार नाही हे त्याने ओळखलं आणि गाडीवर २४०झेड हे आकडे आणले. खुद्द जपानात बहुतेक झेड दोन लिटरच्या इंजिनावर विकल्या गेल्या, कारण दोन लिटरच्या पुढे गेलं की कर चढत असे. कायदा गाडीचा आकार कसा ठरवतो, याचा हा पहिला नमुना. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटेल.

१९७३चा तेलाचा भडका आणि १९७८चे धुराचे कडक नियम यांनी सत्तरच्या दशकातला बाकीचा काळ खाल्ला. कंपन्यांची सगळी हुशारी इंजिनं स्वच्छ करण्यात गेली.

मग १९८३ साल उजाडलं आणि टोयोटाने एक काटकसरीचा निर्णय घेतला. कोरोलाची नवी पिढी पुढच्या चाकांवर चालणारी झाली होती. तेव्हा जगभर तीच वाट होती, कारण त्यात जागा वाचते, खर्च वाचतो. पण कोरोलाच्या दोन दारांच्या रूपांसाठी, लेव्हिन आणि ट्रुएनोसाठी, नवा सांगाडा करणं परवडेना. म्हणून त्यांना आधीच्या पिढीचा जुना, मागच्या चाकांवर चालणारा सांगाडाच दिला आणि वर १६०० सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं नवं कोरं ४ए-जीई इंजिन बसवलं. आतल्या कोडवरून ही गाडी पुढे एई८६ म्हणून ओळखली जाऊ लागली. वजन साधारण ९४० किलो, मागे जुन्या पद्धतीचा सलग अ‍ॅक्सल. कागदावर त्यात नवल काहीच नाही.

जपानीत घाटरस्त्याला तोगे म्हणतात. डोंगर चढणारा वळणावळणांचा अरुंद रस्ता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. वरंध किंवा ताम्हिणी चढलेल्याला वेगळं सांगायला नको. रात्री या रस्त्यांवर गाडी पळवणाऱ्या पोरांना कळलं की ही हलकी, साधी, मागून ढकलणारी गाडी वळणावर मुद्दाम घसरवता येते आणि घसरत असताना सावरताही येते. केइची त्सुचिया हा असाच घाटातून वर आलेला चालक. पुढे तो ड्रिफ्टिंगचा राजा म्हणून ओळखला गेला. १९९५ साली शुइची शिगेनोची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथामाला सुरू झाली, तिचा नायक टोफूच्या दुकानातला पोरगा आणि त्याची गाडी ट्रुएनो. घाटात रात्री असं गाडी पळवणं हा गुन्हाच होता आणि त्यात माणसं मेलीही, हे विसरून या काळाचं कौतुक करणं मला जमत नाही. पण गाडीपुरतं बोलायचं, तर वीस-बावीस वर्षांच्या नोकरदाराला जुन्या बाजारात मिळेल, मोडली तर कोरोलाच्या सामानातून दुरुस्त होईल आणि चालवायला शिकवेल अशी गाडी त्या पिढीला मिळाली. आणि ती मिळाली टोयोटाने नव्या सांगाड्याचा खर्च टाळला म्हणून.

पुढच्याच वर्षी टोयोटाने एमआर२ आणली. तिच्यात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कोरोलाची यंत्रणा उचलून चालकाच्या पाठीमागे ठेवली होती. मध्ये इंजिन असलेली गाडी म्हणजे तोवर बहुतांशी इटलीतल्या श्रीमंतांची मिरासदारी. जपानात ती कोरोलाच्या पोटातून आली.

१९८९ हे या गोष्टीतलं सर्वांत श्रीमंत वर्ष. त्या वर्षीच्या २९ डिसेंबरला तोक्योच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९०० च्या वर जाऊन बसला. पैशाला तोटा नव्हता आणि अभियंत्यांना नाही म्हणणारं कोणी नव्हतं. होंडाने १६०० सीसीतून १६० अश्वशक्ती काढणारं व्हीटेक इंजिन त्याच वर्षी आणलं. तेही सुपरकारमध्ये न जाता इंटेग्रा या चारचौघांसारख्या गाडीत गेलं. निस्सानने स्कायलाइन जीटी-आर परत आणली. त्याच सुमारास २८० अश्वशक्तीपुढे कोणी जायचं नाही असा अलिखित करार कंपन्यांनी आपसांत केला. तो २००४ पर्यंत कागदोपत्री तरी पाळला गेला.

पण त्या वर्षीची माझ्या मते सर्वांत मोठी गाडी यातल्या कुठल्याच मोठ्या आकड्याची नाही. फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एक छोटी, दोन माणसांची, उघड्या छपराची गाडी मांडली. मायदेशी तिला युनोस रोडस्टर म्हणत, अमेरिकेत मियाटा. इंजिन १६०० सीसीचं, माझदाच्या फॅमिलिया या घरगुती गाडीच्या वंशातलं, आडवं होतं ते उभं करून बसवलेलं. अमेरिकेत ताकद ११६ अश्वशक्ती, किंमत १३,८०० डॉलर. जपानातलं वजन ९४० किलो. तोशिहिको हिराई या तिच्या प्रमुख अभियंत्याने एकच वाक्प्रचार धरला होता, जिनबा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. लोटस एलानसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांचा आनंद तिने परत आणला, आणि त्या गाड्यांमागे लागलेली तेलगळती आणि बिघाडांची कटकट मागेच ठेवली. २०१६ साली हिची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनांच्या दुसऱ्या कुठल्याच स्पोर्ट्स गाडीला इतकी गिऱ्हाइकं मिळालेली नाहीत.

त्याच सुमारास अगदी खालच्या थरातही हेच चाललं होतं. १९८७ साली सुझुकीने अल्टो वर्क्स काढली, ५५० सीसीच्या टर्बो इंजिनातून ६४ अश्वशक्ती काढणारी. तो आकडा पुढे जपानच्या केई, म्हणजे सर्वांत छोट्या गाड्यांच्या, वर्गाची कमाल मर्यादाच झाला. होंडा बीट आणि सुझुकी कॅपुचिनो १९९१ साली, ऑटोझाम एझेड-१ १९९२ साली. अल्टो म्हणजे बायका-माणसांनी भाजी आणायला वापरायची गाडी. तिच्यातून वर्क्स निघते, हीच त्या काळाची खूण.

आणि मग रॅली. जागतिक रॅलीच्या तेव्हाच्या ग्रुप ए नियमांत अट होती की शर्यतीत उतरवायची गाडी सामान्य गिऱ्हाइकांसाठी किमान २,५०० इतक्या संख्येने बनवलेली असली पाहिजे. मित्सुबिशीने मोठ्या गॅलांटचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा उचलून छोट्या लान्सरमध्ये बसवली. ही १९९२ची लान्सर इव्होल्यूशन. सुबारूने त्याच वर्षी लेगसीचं इंजिन छोट्या इम्प्रेझात घातलं. कॉलिन मॅक्रेने १९९५ साली इम्प्रेझात विश्वविजेतेपद मिळवलं, टॉमी मॅकिनेनने लान्सरमध्ये १९९६ ते १९९९ सलग चार वेळा. चार दारं, मोठी डिकी, मागे मुलांची जागा असलेली गाडी सोमवारी ऑफिसला नेता येई आणि तिची सख्खी बहीण फिनलंडच्या जंगलात उडत असे. नियमाने कंपन्यांना भाग पाडलं म्हणून सामान्यांना ही गाडी मिळाली. पुढे नियम बदलले, सामान्यांना विकण्याची सक्ती सैल झाली, आणि यथावकाश लान्सर इव्होल्यूशन बंद पडली.

रॅलीतल्या त्या विजयांपर्यंत शेअर बाजाराचा फुगा फुटून काही वर्षं झाली होती. पण गाडीची रचना आधीच ठरलेली असते, कारखान्यातल्या हालचाली बाजाराच्या मागून येतात. म्हणून नव्वदच्या दशकातल्या उत्तम गाड्या या फुटलेल्या फुग्यातून बाहेर पडलेल्या हवेवर चालल्या. १९९७ची टाइप आर त्यातलीच. इंजिनाच्या वरच्या भागात हवा जाण्याच्या वाटा कारखान्यात हाताने घासून गुळगुळीत केलेल्या, लाल आसनं, टायटॅनियमची गिअर मूठ, आणि बाकी सगळी शेजाऱ्याच्या दारातली तीन दारांची सिव्हिक.

२००२ साली एकापाठोपाठ एक दिवे मालवले. निस्सान सिल्व्हिया, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७, स्कायलाइन जीटी-आर, सगळ्या त्याच वर्षी जपानातून बंद झाल्या. कारण म्हणून धुराच्या नव्या नियमांचं नाव घेतलं जातं आणि ते खरंही आहे. पण नियम पाळता आले असते, पाळण्याचा खर्च वसूल झाला नसता. जपानी कुटुंबं तोवर मिनीव्हॅनकडे वळली होती, मागोमाग केई गाड्यांकडे. सिल्व्हियाचंच पाहा. मागच्या चाकांवर चालणारी, मध्यम आकाराची, साधी घरगुती गाडी निस्सानच्या घरात आता जवळजवळ राहिलीच नव्हती. सिल्व्हियाला सांगाडा द्यायचा कोणी? सिव्हिकसुद्धा २०१० नंतर काही वर्षं जपानात विकायची बंद झाली आणि २०१७ साली परतली. थोरला भाऊच घर सोडून गेला होता.

परतीची वाट दोन घरांनी मिळून काढली. सुबारू आणि टोयोटाने २०१२ साली ८६ आणि बीआरझेड या जुळ्या गाड्या आणल्या. इंजिन सुबारूचं दोन लिटरचं, इंधन आत सोडण्याची पद्धत टोयोटाची, जोडणी सुबारूच्या गुन्मा इथल्या कारखान्यात. २०० अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, आणि टायर मुद्दाम प्रियससारख्या काटकसरी गाडीला शोभतील असे बेताच्या पकडीचे, म्हणजे कमी वेगातही गाडी हाताशी बोलेल. प्रमुख अभियंता तेत्सुया तादा याने नाव घेतलं ते जुन्या एई८६चं. सर्वांत साध्या रूपात ती वीस लाख येनांच्या आत मिळे. त्याच मार्गाने माझदाने नवी रोडस्टर फियाटबरोबर वाटून घेतली, आणि टोयोटाची सुप्रा बीएमडब्ल्यूच्या अंगावरच्या कपड्यांत ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये जन्मली. भाऊ घरात नसेल तर शेजाऱ्याचा.

टोयोटाची जीआर यारिस, २०२०ची, मला या सगळ्यात वेगळी वाटते. नावाने यारिस, पण पुढचा सांगाडा यारिसचा, मागचा कोरोलाचा, तीन दारांचं वेगळंच अंग, तीन सिलिंडरच्या १६०० सीसी टर्बोतून २७२ अश्वशक्ती, आणि चारही चाकांना ताकद. मोतोमाची कारखान्यात तिच्यासाठी वेगळी जोडणीशाळा उभारली. रॅलीसाठी मुद्दाम गाडी बनवून ती रस्त्यावर आणण्याची ही जुनी रीत होती, फक्त आता उसन्या सामानाचा वाटा कमी आणि नव्याने घडवलेल्याचा जास्त. म्हणूनच तिच्या मुख्य रूपाची किंमत ३९ लाख ६० हजार येन होती. तिची मोठी बहीण जीआर कोरोला जपानात आली तेव्हा मोजक्याच गाड्या होत्या, म्हणून सोडत काढली. म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरून वाट पाहतात तशी वाट तिथल्या पोरांनी कोरोलासाठी पाहिली.

आता आकड्यांकडे परत. २४०झेडचे १९७०चे ३,५२६ डॉलर महागाईच्या हिशेबाने आजचे सुमारे २८ हजार होतात. मियाटाचे १३,८०० आजचे जवळपास ३५ हजार. अमेरिकेत आज मियाटा किंवा ८६ची पुढची पिढी जीआर८६ तीस हजारांच्या आसपास सुरू होते. म्हणजे तिथल्या गिऱ्हाइकाला परवडणारी जपानी वेगवान गाडी महागलेली नाहीच, उलट पूर्वीपेक्षा ताकदवान आणि सुरक्षित मिळते आहे. फरक पडला तो पर्यायांत. १९९०च्या दशकात एका तरुणासमोर अशा दहा-पंधरा गाड्या असत, आज हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. आणि फरक पडला तो जपानात, जिथे पगार वाढले नाहीत आणि येन घसरत गेला. या गाड्या जिथे जन्मल्या तिथल्याच तरुणाच्या हातून त्या आधी निसटल्या, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत टोचणारं वास्तव वाटतं.

जुन्या गाड्यांनी तर त्याला पुरतंच दूर लोटलं. १९९७ साली प्लेस्टेशनवर ग्रान टुरिस्मो हा खेळ आला, २००१ साली फास्ट अँड द फ्युरियस हा चित्रपट. ते पाहत वाढलेली अमेरिकेतली मुलं आता कमावती आहेत. तिथल्या कायद्यात २५ वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी आणायला सुरक्षेचे नियम आड येत नाहीत. म्हणून २०१४ पासून जुन्या स्कायलाइन जीटी-आर बोटींत चढू लागल्या, २०२४ पासून त्यांच्या शेवटच्या पिढीची आर३४ही. त्या चित्रपटासाठी वापरलेली एक नारिंगी सुप्रा २०२१ साली लिलावात साडेपाच लाख डॉलरना गेली. आणि जपानी सरकार तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर जादा कर लावतं. जगाने पैसे ओतावेत आणि घरच्याने कर भरून थकावं, अशी स्थिती.

या सगळ्यात आपण कुठे होतो? जवळच होतो, पण दाराबाहेर. मारुती ८०० ही अल्टोच्याच घरातली. मात्र अल्टोची वर्क्स इथे कधी आली नाही. मारुती एस्टीम म्हणजे जपानची कल्टस. तिथल्या कल्टसला १९८६ सालीच ट्विन कॅम इंजिन मिळालं होतं, इथे मिळालं नाही. तरी पुण्या-नाशकाच्या रॅलींत एस्टीम आणि जिप्सीच धावल्या, आणि त्यांच्यात जे कमी होतं ते कोल्हापूर-पुण्याच्या गॅरेजवाल्यांनी हाताने घातलं. २००० सालची होंडा सिटी व्हीटेक ही इथल्या पुष्कळांची पहिली खरी पळणारी गाडी. मित्राच्या वडिलांच्या अशा एका सिटीत बसून मी खंबाटकी चढलो होतो. फेरे वाढले की इंजिनाचा सूर बदलायचा, आणि आम्ही चौघे बोलता बोलता गप्प व्हायचो. पुढे चार मीटरांच्या आतल्या आणि १२०० सीसीखालच्या पेट्रोल गाडीला करात सवलत मिळाली. जपानात जे दोन लिटरने आणि केई वर्गाच्या ६६० सीसीने केलं तेच इथे १२००ने केलं. जपानी स्विफ्ट स्पोर्टचं इंजिन १४०० सीसीचं, म्हणून ती इथे आली नाही. मारुतीने त्याऐवजी २०१७ साली एक लिटरची टर्बो बलेनो आरएस आणली, ८ लाख ६९ हजारांना. तीन वर्षांत तीही बंद.

ती स्विफ्ट स्पोर्ट ही मला जुन्या रीतीची शेवटची प्रामाणिक वारसदार वाटते. जपानात २०१७ साली १८ लाख ३६ हजार येन, १४० अश्वशक्ती, ९७० किलो, आणि अंगावर सरळ स्विफ्टचेच कपडे. २०२५ साली तिचं उत्पादन संपलं. अल्टो वर्क्स त्याआधीच गेली. २०२१च्या नव्या अल्टोत हाताने बदलायचे गिअरच राहिले नाहीत, मग वर्क्स कशातून करणार? त्याच २०२५ साली होंडाने प्रेल्यूड हे जुनं नाव परत आणलं. सस्पेन्शन आणि ब्रेक टाइप आरचे, इंजिन-मोटर हायब्रिड सिव्हिकच्या घरातली. उसनवारीची पद्धत जुनीच, फक्त थोरला आता हायब्रिड आहे. किंमत ६१ लाख ७९ हजार ८०० येन.

हिरोशिमात माझदाने २०१७ सालापासून पहिल्या पिढीच्या रोडस्टर दुरुस्त करून नव्यासारख्या करून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. ब्रिजस्टोनने १९८९ साली त्या गाडीला जे टायर होते, त्याच नक्षीचे, त्याच १४ इंची मापाचे टायर नव्याने साच्यातून काढले. एके काळी दुसऱ्या गाडीचं इंजिन उसनं घेऊन उभी राहिलेली ती गाडी, तिच्या एकटीसाठी आता टायरचा साचा बनतो.